पाच किलोच्या वर

पार्सलच्या गोदामात वीस-वीस किलोची खोकी ती एका दमात उचलायची. पण मॅडमचं बाळ पोटात वाढवायचं ठरलं आणि करारात कलम आलं, पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. मॅडम मनाने चांगल्या. रोज संध्याकाळी न चुकता फोन करायच्या, "जेवलीस ना पोटभर? काही उचललं नाहीस ना?"

तीही शब्दाला पक्की. पाण्याची बादली नवऱ्याकडे गेली, गॅसची टाकी दिराकडे. राहता राहिली तीन वर्षांची, तेरा किलोची लेक. ती हात वर करून समोर आली, की ही म्हणायची, "नको गं राणी, मॅडम रागावतील." लेकीने महिनाभर भोकाड पसरून पाहिलं, मग नाद सोडला.

बाळ सुखरूप झालं, मॅडमच्या घरी गेलं. टाके सुकले, "आता उचल हवं ते," असं डॉक्टरही म्हणाले. त्या दुपारी घरी येताच तिने दारातच बसकण मारली आणि दोन्ही हात पुढे केले. "ये गं, उचलून घेते तुला."

लेक दोन पावलं मागे सरकली.



"आधी मॅडमना फोन कर."