पहिली तीन अक्षरं आणि शेवटचं एक

लेओकाद्याबाईंनी शिळेवरची ओळ पुन्हा एकदा वाचली, हातातली पावाची पिशवी बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या पडदा मी ओढणार नाही."

शिकागोच्या पोलिश वस्तीत, चर्चसमोरच्या हिरवळीवर ती काळी शिळा उभी होती. पन्नास वर्षांपूर्वी वॉर्सात जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावात लढलेल्या आणि पुढे देश सोडून या वस्तीत आलेल्या अकरा जणांची नावं तिच्यावर कोरली होती. सातवं नाव खुद्द बाईंचं, आणि उद्याच्या अनावरणाचा मानही त्यांचाच. नावांखाली मोठ्या अक्षरांत एक पोलिश ओळ होती: त्यांना भीती ठाऊक नव्हती.

ओळ ग्राझिनाने लिहिली होती. तीन वर्षं खपून तिनेच हे स्मारक उभं केलं होतं, आणि पहिलं नाव तिच्या वडिलांचं होतं, इग्नात्सींचं.

"का, मावशी? काय चुकलं?"

"ओळ खोटी आहे."

पाथरवट झेनॉन शिळा पुसत होता. त्याचा हात थांबला.

"खोटी?" ग्राझिनाचा आवाज चढला. "बाबा जळत्या शहराखालच्या गटारातून दारूगोळा घेऊन गेले. हे खोटं?"

"ते खरं आहे. पुढे मीच होते. माझा पट्टा धरून तो मागून येत होता." इग्नात्सी स्वतः कधी बोलला नाही, म्हणून बाईही बोलल्या नव्हत्या. आता तो मातीत होता, आणि त्यांच्या गप्प बसण्यातूनच ही ओळ उगवली होती. "अर्ध्या वाटेत वर जर्मन बुटांचे आवाज आले. तुझा बाप त्या घाणीत मटकन खाली बसला. आईला हाका मारून रडायला लागला. मी त्याचं तोंड दाबून धरलं. माझ्या हाताला चावला तो. अठरा वर्षांचं पोर होतं गं."

"पुरे!" ग्राझिना म्हणाली. "उद्या चारशे माणसं येणार आहेत. तुम्हाला माझ्या बाबांना भित्रा ठरवायचंय का?"

"मला? अगं, ज्याला भीतीच नाही त्याने गटारात उतरण्यात कसली मर्दुमकी? दारू प्यायलेलाही उतरतो. पलीकडे बाहेर निघालो तेव्हा कुणीतरी परत जायला हवं होतं. मागे तळघरात चौदा जखमी राहिले होते. तुझा बाप भिंतीशी जाऊन भडाभडा ओकला, तोंड पुसलं आणि 'मी जातो' म्हणून हात वर केला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

चर्चच्या पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या उद्याची फुलं बादल्यांत लावत होत्या. ग्राझिनाने त्यांच्याकडे नजर वळवली.

"बाबा आमच्या तळघरात कधी उतरले नाहीत," ती म्हणाली. "घर तापवायची भट्टी बंद पडली तरी आईच खाली जायची. मी चिडवायचे त्यांना. म्हणायचे, बाबा, बायकोला पाठवता, लाज नाही वाटत? ते नुसते हसायचे." तिने डोळे पुसले. "मरेपर्यंत चिडवलं मी त्यांना."

बाईंनी तिचा हात धरला. "त्याचं त्याला काही वाटलं नसेल, पोरी. पण दगडाला तरी खरं सांगू दे."

"आता कसं सांगणार? कोरून झालंय, मावशी. उद्या दहा वाजता बिशप येताहेत."

झेनॉन खाकरला. "बोलू का मी? आपल्या पोलिशमध्ये 'नाही' हा शब्द ओळीच्या सुरुवातीलाच आहे, आणि तो गेला की शेवटचा शब्दही एका अक्षराने आखूड होतो. पहिली तीन अक्षरं आणि शेवटचं एक बुजवायचं. दगडाची भुकटी अन् राळ. तासाभराचं काम."

"मग काय उरेल?"

"भीती त्यांना ठाऊक होती."

ग्राझिनाने ती ओळ मनातल्या मनात वाचली. मग ओठ हलवत वाचली. मग तिने बाह्या वर सारल्या.

"बुजवा, झेनॉनराव."

झेनॉनने पत्र्याच्या डब्यात काळा लगदा कालवला. पहिली तीन अक्षरं त्याने पातीने दाबून भरली आणि सपाट केली. शेवटच्या अक्षराशी आला तेव्हा ग्राझिना पुढे झाली. "हे मी भरते." ती गुडघ्यांवर बसली आणि अंगठ्याने लगदा खाचेत दाबू लागली. लेओकाद्याबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. उद्या पडदा आपणच ओढायचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मावशी," मान वर न करता ग्राझिनाने विचारलं, "दुसऱ्यांदा उतरले तेव्हा तरी बाबांची भीती थोडी कमी झाली होती का?"

"छे गं. वाढली होती. पहिल्या वेळी आत काय आहे, ते त्याला कुठे ठाऊक होतं?"