झुंबरीच्या दंडावरचा वण

"गुरुजी, पोरीला आत नेऊ नका!" सरुबाईनं पुंजारामच्या अंगणातच वाट अडवली.

दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले होते. आत पुंजाराम देवीच्या तापानं फणफणत पडला होता. सगळी आळी अंगणात जमली होती, पण उंबरा ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

जयराम गुरुजींनी सात वर्षांच्या झुंबरीचा हात घट्ट धरला होता. एकुलती एक लेक. "का नको? तिला देवी टोचलीय. तिला काही होत नाही, हेच तर दाखवायचंय या शहाण्यांना!"

"साळूवहिनींना तरी येऊ द्या."

"ती फुलं घेऊन नाशिकला गेलीय. संध्याकाळशिवाय यायची नाही, आणि टोचणारे तोवर थांबायचे नाहीत. तुझ्या पोरीला टोचलंय म्हणतेस ना? मग तू कशाला थरथरतेस, भित्री भागुबाई!"

सरुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि बाजूला झाली. गुरुजींच्या बायकोची, साळूची, ती शेजारीण, सख्ख्या बहिणीसारखी.

चौऱ्याहत्तर साल होतं. देवी टोचणारे चिमाजी तात्या दोनदा गावात येऊन हात हलवत परत गेले होते. "टोचलं की देवीआई कोपती," असं म्हातारी विठाबाई सांगायची, आणि आया पोरांना घेऊन फुलांच्या मळ्यात लपायच्या. आज तिसरी खेप. शाळेत साठ पोरं. आजही कुणी दंड पुढे केला नाही तर त्यातली किती उरतील, या विचारानं गुरुजींची झोप उडाली होती.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका यशोदाबाईंचं मत वेगळं. "हिणवू नका हो त्यांना," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. "एकेका आईजवळ बसा, तिला कसली भीती वाटते ते ऐका."

"ऐकून ऐकून कान किटले, बाई. अडाण्यांना पुरावा लागतो. तो माझ्या घरात आहे."

पुरावा म्हणजे झुंबरीच्या दंडावरचा वण. साळूनंही एकदा विचारलं होतं, "टोचल्यावर पोरं दगावतात म्हणं, खरं का?" तेव्हा गुरुजींनी तिला असं फैलावर घेतलं की पुन्हा तिनं ब्र काढला नाही. "माझ्याच घरात टोचलं नाही तर गावाला काय तोंड दाखवू?" एवढं बजावून ते महिनाभर शिक्षकांच्या शिबिराला गेले. परत आले तर झुंबरीच्या दंडावर टरारून फोड आलेला! "लासलगावला माहेरी गेले होते, तिथंच टोचून आणलं," टाचेच्या भेगांना बिब्बा लावता लावता साळू म्हणाली. गुरुजींना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले.

आता त्यांनी झुंबरीची बाही वर सारली, वण सगळ्यांना दाखवला आणि तिला घेऊन आत गेले.

पोरीनं पुंजारामला पाणी पाजलं. ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. फोडांतला पू तिच्या बोटांना लागला.

"बाबा, मला भ्या वाटतंय."

"वेडी का खुळी! तुला टोचलंय ना? बस त्याच्याजवळ."

चांगला अर्धा तास त्यांनी तिला बसवून ठेवलं. बाहेर आले तेव्हा विठाबाई डोळे फाडून बघत होती.

"आगं बया! मास्तरची लेक आत बसून आली."

तिनंच आधी नातवंडांना पुढे ढकललं. मग काय, शाळेच्या ओट्यावर रांगच लागली. चिमाजी तात्यांना मान वर करायची उसंत मिळेना. त्यांनी झुंबरीकडे बघून हात पुढे केला, तर गुरुजी म्हणाले, "तिचं झालंय हो. बाकीच्यांचं उरका." यशोदाबाईंकडे बघून ते हसले. आज त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

शेवटी सरुबाई उरली. लेकीला पोटाशी धरून मागे मागे सरत होती.

"हिला टोचलंय," ती पुटपुटली.

चिमाजी तात्यांनी पोरीचा दंड उजेडात धरला. वणावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"टोचल्याचा वण नाही हा. बिब्ब्यानं फोड उठवलाय."

गुरुजींचा संताप अनावर झाला. "लाज नाही वाटली? पोरीच्या जिवाशी खेळ? हे धंदे शिकवले कुणी तुला? नाव सांग!"

सरुबाई हुंदके देऊ लागली.

"म्हणून तर अडवत होते तुम्हाला. आण घातली होती हो मला, कशी सांगू? झुंबरीच्या दंडाला लावून उरलेला बिब्बा साळूवहिनींनीच दिला मला, गुरुजी."