गुणाबाईची कुस्ती

मुलचेऱ्याजवळच्या त्या गावात गुणाबाईइतकी टीव्हीवरची कुस्ती कोणीच पाहिली नसेल. घरात टीव्ही आला तेव्हापासूनचा तिला तो नाद. पुरुषांच्या लढतीही ती पाहायची, पण तिची आवडती होती एक लांब वेणीची ठेंगणी बाई. ती आपल्याहून दुप्पट अंगाच्या बाईवर रिंगणाच्या दोरावरून झेप घ्यायची. ती वेणीवाली खाली पडली की गुणाबाई खाटेवरून ओरडायची, "उठ वो माय, उठ!"

परवा लेक दिव्यानी सुजलेला गाल घेऊन माहेरी आली. आज जावई विक्की तिला न्यायला आला, तेव्हा टीव्हीवर त्याच बाईची जुनी लढत लागली होती. तो दारातच हसला.

"मामी, काऊन एवढं जीव लावून पाहून राह्यल्या? सारं नाटक असते हे. कोण पडन, ते आधीच ठरलं राह्यते."

"मालूम आहे मले."

"मंग बंद करा ते. दिव्यानी, चाल, बॅग घे."

भिंतीला टेकून उभी असलेली दिव्यानी हलली नाही. विक्कीने पुढे होऊन तिचा दंड धरला आणि ओढला.

गुणाबाईने टीव्ही बंद केला. पदर कमरेला खोचून ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. त्याचं मनगट तिने असं आवळलं, की दिव्यानीचा दंड सुटला.

"जवाईबापू, तिथं आधीच ठरलं राह्यते," ती म्हणाली. "इथं अजून ठरलं नाई."