एका माणसाचं काम

"आता तुम्ही फक्त उभं राहायचं," थोरले साडू म्हणाले. "हात लावायचा नाही."

धाकटे साडू उभे राहिले. ते दाताचे डॉक्टर. कमरेला रुंद पट्टा आणि चेहऱ्यावर ज्याला काहीच काम दिलेलं नाही अशा माणसाचं हसू.

एरवी दर रविवारी ते तलावाच्या याच उतारावर छातीभर पाण्यात उभं राहून होडी मागून ढकलत, थोरले पुढून ओढत, आणि दोघंही एकमेकांवर ओरडत. पाऊण तासाने होडी ट्रेलरवर चढे, तीही तिरकीच. मग धाकट्यांची कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, ढकलणं बंद. दाताच्या डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या डॉक्टरचं ऐकलं.

थोरल्यांचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेला. त्यांनी दोन आठवडे गॅरेजचं दार लावून घेतलं. ट्रेलरच्या फळ्यांवर गालिचा ठोकला, मधे रबरी रोलर बसवले, मागच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरे पाईप उभे केले, म्हणजे होडीने वाट सोडायला नको. पुढे हँडलने फिरवायचं चाक, चाकाला पट्टा, पट्ट्याला हूक. या सगळ्याचा तीन रंगांतला नकाशा त्यांनी लॅमिनेट करून गाडीत ठेवला होता. तो बघायची गरज पडली नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

त्यांनी गाडी उतारावरून मागे घेतली. ट्रेलरची चाकं निम्मी बुडाली तसे थांबले, खाली उतरले, पाण्यावर डुलणाऱ्या होडीच्या नाकात हूक अडकवला आणि हँडल फिरवायला लागले. कट्, कट्, कट्. होडी दोन पाईपांमधून निमूटपणे वर आली आणि जागेवर बसली. साडेतीन मिनिटं.

गाडीच्या मागच्या सीटवर दोघी बहिणी थर्मास उघडून बसल्या होत्या. थोरलीने काच खाली केली.

"झालं?"

"झालं!"

"मग चुकून झालं असेल," असं म्हणून तिने काच वर केली.

"एका माणसाचं काम!" थोरले म्हणाले. त्यांच्या शर्टाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. "साडूभाऊ, वाजवा टाळ्या."

धाकट्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजून चार.

"फारच छान," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या रविवारपासून मी नाही आलो तरी चालेल."

"चालेल की! आता तुम्ही खुशाल..." थोरले बोलता बोलता अडकले.

आठवडाभर धाकट्यांसमोर माणसं तोंड उघडून बसत, पण बोलत कुणीच नसे. तोंडात कापूस असे. बोलणं म्हणून जे काही व्हायचं ते रविवारी, या उतारावर. थोरल्यांनी नकाशात सगळं धरलं होतं, होडीचं वजन, उताराचा कोन, पट्ट्याची ताकद. हे एवढं राहून गेलं होतं.

धाकटे तोवर होडीच्या मागे गेले. कीड शोधावी तसा त्यांनी एक डोळा बारीक केला.

"एक बोलू? राग मानू नका. होडी डावीकडे सरकलीय. दोन बोटं."

"डावीकडे?"

थोरल्यांचा आवाज चढला. अर्ध्या मिलिमीटरवरून त्यांनी गवंड्यांना बांधलेल्या भिंती उतरवायला लावल्या होत्या. त्यांनी खिशातून टेप काढली. डाव्या पाईपापासून होडीपर्यंत मापलं. उजव्या पाईपापासून मापलं. परत डावीकडे येऊन मापलं. दोन्हीकडे अगदी सारखं, केसाचा फरक नाही.

त्यांनी मान वर केली. धाकटे लांब पाण्याकडे बघत होते. कान लाल झाले होते.

थोरल्यांनी बटण दाबलं. टेप सर्रकन आत गेली.

"दोन कुठली?" ते म्हणाले. "चांगली अडीच आहेत."

"बघा! मी म्हटलं ना!"

"तुम्ही म्हटलंत म्हणून दिसलं. पुढे हँडल फिरवणाऱ्याला मागचं काय कळणार? मागे एक माणूस लागणारच."

"मग सोडा खाली! परत चढवा, मी सांगतो तशी!"

हूक निघाला. जन्मात पहिल्यांदा सरळ बसलेली होडी रोलरवरून घरंगळत पाण्यात गेली. धाकट्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि दोन्ही हात हवेत फिरवायला लागले.

"उजवीकडे! अहो, माझ्या उजवीकडे! नकाशे काढत होतात की नुसत्या रेघोट्या?"

"तुम्ही दात बघा!"

"दातच दिसतायत तुमचे! हसताय कशाला, हँडल फिरवा!"

होडी पुन्हा चढली आणि पुन्हा खाली सोडली गेली, तेव्हा गाडीत धाकट्या बहिणीने थर्मास उलटा करून पाहिला. चहा संपला होता.

"ताई, आता सोपं झालंय म्हणत होते ना गं?"

"झालंय ना," थोरली म्हणाली. "आधी एकदा चढवताना जीव जायचा. आता बघ, ही तिसरी खेप."