येतो

मी दुभाषी. परत मायदेशी धाडायच्या माणसांना जिथे कोंडून ठेवतात, तिथल्या भेटीच्या खोलीत बसतो आणि आपल्या माणसांचं बोलणं शब्दाला शब्द साहेबाला सांगतो. पदरचं काही घालायचं नाही, हा नियम.

काल एका शिंप्याची शेवटची भेट होती. दुपारी त्याचं विमान, आणि वर पाच वर्षांची प्रवेशबंदी. काचेपलीकडे बायको, तिचे कागद अजून तपासणीत.

दहा मिनिटांत तो एवढंच बोलला, "मशीनला तेल घालत जा. आणि पोरीच्या फ्रॉकची खालची दुमड उसव, उंच झालीय ती."

वेळ संपली तसा तो उठला. "बरं, येतो."

"या," ती म्हणाली.

साहेबाने विचारलं, "जाताना काय म्हणाला?"

मी नियमाप्रमाणे सांगितलं, "येतो म्हणाला."

साहेबाने फाईलमध्ये लिहिलं, 'परत येण्याचा इरादा बोलून दाखवला.' मग प्रवेशबंदीपुढचं 'पाच वर्षांची' खोडून तिथे 'कायमची' केलं आणि पेन काचेपलीकडे रोखलं.

"आणि ती काय म्हणाली?"

 

"जा," मी म्हटलं. "जा म्हणाली."