लटारूची फ्रेंच

जंगलाच्या गेटवर गाईडांनी पाळीनेच जिप्सीत बसायचं, हा नियम लटारूनेच भांडून लावून घेतला होता. त्याच नियमाने आज फ्रान्सच्या पाहुण्या बाई पाळी असलेल्या इसरूसोबत वाघ बघायला गेल्या.

लटारू सावलीत बसून जळत राहिला. अख्ख्या गेटवर फ्रेंच येणारा तो एकटा. मोबाईल कानाला लावून, कुणी न शिकवता शिकला होता. घरातल्या गंजाला, सुपाला, चुलीला फ्रेंच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बोलायला माणूस मिळेना, म्हणून नांगर धरला की बैलांशी फ्रेंच बोलायचा. बैल निदान उच्चाराला हसत नाहीत. आणि इसरू? त्याला हिंदी बोलतानाही घाम फुटतो.

जिप्सी परतली. बाई उतरल्या त्या इसरूचा हात धरूनच.

"दूसमाँ!" बाई हसून म्हणाल्या.

"दूसमाँ," इसरूही म्हणाला, अगदी घरच्यासारखं.

दूसमाँ म्हणजे हळू. लटारू तडक पुढे झाला आणि जपून ठेवलेलं स्वागताचं लांबलचक वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बाईंनी ते अदबीने ऐकलं आणि इसरूकडे पाहिलं, हा काय म्हणतो म्हणून.

"दूसमाँ, लटारूभाऊ," इसरू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

बाई गेल्यावर लटारूने त्याला गाठलं. "कुठी शिकला बे?"

"तुह्याच बैलांपाशी. औंदा चिखलणीले नेले होते ना? थांब म्हटलं त थांबेत नाई, हळू म्हटलं त पळेत. मंग तुह्या पोरीले इचारून तुहे चार शब्द पाठ केले. आज वाघ दिसला अन् डायवरनं गाडी दामटली. माह्या तोंडातून तेच निंगालं. बाई खुश!"

"पुढच्या साली बैल भेटनार नाई तुले."

"नको देऊ. जर्मन बैल कोनापाशी आहेत, तेवढं सांग."

संध्याकाळी लटारूने गोठ्याचं दार लावून घेतलं आणि बैलांना मराठी शिकवायला सुरुवात केली.

"हळू," तो म्हणाला. मग तोंड मोठं करून, तोडून तोडून, "ह... ळू."

रवंथ थांबवून बैल त्याच्याकडे बघत राहिले. उच्चार चुकतोय, पण बिचाऱ्याला सांगायचं कसं, अशा नजरेने.