अजून कच्ची

"उसव," मास्तर म्हणाले.

कोटाची बाही तिसऱ्यांदा बसवली होती. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. तरी तिने कात्री उचलली. मास्तरांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि कौतुक कुठे ठेवलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

शिकाऊ मुलगी ठेवली की तिचं विद्यावेतन सरकार द्यायचं. ती तयार झाली की दुकानाला वर एकरकमी अनुदान मिळायचं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी फॉर्म यायचा आणि शिकवणाऱ्याला त्यात शेरा लिहावा लागायचा. मास्तरांनी सहाही वेळा एकच शेरा लिहिला होता: अजून कच्ची.

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. धाकटे दोघे शाळेत. विद्यावेतनात कशीबशी चूल पेटत होती. पक्की झाली असती तर पूर्ण पगार मिळाला असता, वडिलांचं औषध सुटलं नसतं. या म्हाताऱ्याच्या दोन शब्दांनी सगळ्यावर पाणी फिरत होतं. तिला त्याची चीड यायची, अगदी मनापासून.

मालकीणबाई मात्र गोड. त्यांच्या टेबलामागे पाच मुलींचे फोटो होते, प्रत्येकीच्या हातात प्रमाणपत्र. सहावा खिळा रिकामा.

"या सगळ्या कुठे असतात हो?" तिने एकदा विचारलं होतं.

"तयार झाल्यावर कुठे थांबतात पोरी?" मालकीणबाई हसल्या. मास्तरांनी मशीन उगाचच जोरात चालवली.

त्या दुपारी मास्तर जेवायला गेले तशी तिने बाही पुन्हा बसवली आणि कोट थेट मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी अस्तर उलटून पाहिलं, कॉलर चाचपली. "एकटीने केलास?"

"हो. वर्षभर असाच करतेय. मास्तर मुद्दाम लिहीत नाहीत." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"वर्षभर!" मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. "येऊ दे त्याला."

मास्तर आले. त्यांनी कोट पाहिला, समोर सरकवलेला फॉर्म पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"काय केलंस गं हे?"

जळतोय मेला, तिला वाटलं. मास्तरांनी शेरा लिहून सही केली.

सोमवारी प्रमाणपत्र आलं. बाहेरच्या बाकावर एक किडकिडीत मुलगी फाइल घेऊन बसली होती. माप द्यायला आली असेल. मालकीणबाईंनी प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं आणि खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"मग उद्यापासून माझा पगार..."

"उद्यापासून तू मोकळी, बाळ. शिकणारीचे पैसे सरकार देतं. शिकलेलीचे मी कुठून आणू?" मालकीणबाई तितक्याच गोडीने म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि बाहेरच्या मुलीला हाक मारली.

ती उंबऱ्याशी येऊन थांबली. घरी काय सांगायचं?

नवी मुलगी तिच्या मशीनवर बसली. हात चांगला होता. पहिलीच टीप सरळ, एकसारखी आली. मास्तरांनी कापड उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"उसव," ते म्हणाले.